सादेली शिवणपेटी : ‘हस्तिदंती’ या नावाआड गेलेली कारागिरी

प्रस्तावना

एखाद्या जुन्या घराची आवराआवर होत असताना माळ्यावरून किंवा कपाटाच्या तळातून कधी कधी एक विशिष्ट प्रकारची पेटी बाहेर येते. लांबी वीत-दीड वीत, झाकणाच्या कडा उतरत्या, आणि सर्व पृष्ठभागावर काळ्या, पांढऱ्या, हिरव्या व रुपेरी रंगांच्या अतिशय बारीक तारकांच्या पट्ट्या. झाकण उघडल्यावर शतकानंतरही चंदनाचा मंद वास येतो. आत लहान-लहान कप्पे, त्यांवर बोटाच्या चिमटीत धरता येईल अशा गाठीची झाकणे. ही पेटी दागिन्यांची असावी असा पहिला समज होतो आणि घरातील मंडळी तिला ‘हस्तिदंती पेटी’ म्हणून मोकळी होतात. वस्तुतः ती शिवणपेटी होय; आणि तिला हस्तिदंती म्हणणे हे, निदान प्रमाणाच्या दृष्टीने, बरोबर नाही. पेटीचा बहुतांश भाग लाकडाचा असतो. हस्तिदंत असते ते वरच्या पातळ थरात, आणि तेथेही ते इतर तीन-चार द्रव्यांबरोबर वाटून घेतलेले असते.

नावाची ही चूक केवळ शब्दाची नाही. ‘हस्तिदंती’ म्हटले की बाजार हस्तिदंताचा भाव पाहतो, कायदा हस्तिदंताचा ताबा पाहतो, आणि पेटी करणाऱ्याच्या हाताकडे पाहण्याचे दोघांनाही कारण उरत नाही. प्रस्तुत लेखात या पेटीच्या कारागिरीचे विवेचन केले असून, ती ज्या नावाने ओळखली जावयास हवी त्या ‘सादेली’ तंत्राच्या अंगाने तिच्याकडे पाहिले आहे. मुंबईत तयार होऊन इंग्लंडपर्यंत गेलेली ही पेटी पुण्याच्या संदर्भात का महत्त्वाची ठरते, याचाही विचार पुढे येतो.

जुडी आणि काप

सादेलीला मराठीत सहसा ‘जडावकाम’ असे म्हटले जाते. हा शब्दही थोडा फसवा आहे. जडावकामात एका पृष्ठभागात खाच कोरून तीत दुसरे द्रव्य बसवले जाते. सादेलीत खाच कोरण्याचा प्रश्नच येत नाही. येथे नक्षी आधी स्वतंत्रपणे तयार होते आणि नंतर पातळ पापुद्र्याच्या रूपाने पेटीच्या अंगावर चिकटवली जाते.

ही नक्षी तयार करण्याची रीत मोठी हुशारीची आहे. हस्तिदंत, हिरव्या रंगात मुरवलेले हस्तिदंत किंवा हाड, काळे लाकूड, चंदन अथवा पतंगासारखे तांबूस लाकूड, आणि कथिलासारखा मऊ पांढरा धातू यांच्या गव्हाच्या काडीसारख्या बारीक, लांब सळया प्रथम तयार केल्या जातात. सळईचा छेद त्रिकोणी, चौकोनी किंवा शंकरपाळ्यासारखा असतो. मग ठरलेल्या नक्षीनुसार या सळया एकमेकींना लावून, सरसाने चिकटवून, दोऱ्याने करकचून आवळून त्यांची जुडी बांधली जाते. सरस वाळल्यावर जुडी एकजीव होते. तिच्या टोकाकडे पाहिले तर तेथे एक पूर्ण तारका दिसते. आणि जुडी कोठेही आडवी कापली तरी तीच तारका दिसते. करवतीने तिचे एक ते दोन मिलिमीटर जाडीचे काप काढायचे, ते शेजारीशेजारी मांडून पेटीवर चिकटवायचे, आणि शेवटी घासून गुळगुळीत करायचे. काप आणि करवतीचा घास मिळून तीन मिलिमीटर धरले, तर एक फूट लांबीच्या जुडीतून साधारण शंभर तारका मिळतात. त्या सर्व एकसारख्या असतात, कारण त्या मुळात एकच असतात.

यंत्रयुगापूर्वीच्या कारागिराने एकच आकृती शेकडो वेळा मिळवण्याची केलेली ही युक्ती पाहिली, की हस्तव्यवसाय म्हणजे प्रत्येक वस्तू वेगळी आणि यंत्र म्हणजे प्रत्येक वस्तू सारखी ही पाठ्यपुस्तकी विभागणी किती ढोबळ आहे हे कळते. सादेलीत नक्षी ‘काढली’ जात नाही. ती एकदाच रचली जाते आणि मग कापत जावी तशी मिळत जाते. त्यामुळे सर्व कौशल्य, आणि सर्व जोखीमही, कापण्याच्या आधीच्या कामात एकवटलेली असते.

ही जोखीम भूमितीच्या भाषेत नेमकी सांगता येते. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असल्यामुळे असे सहा त्रिकोण एका बिंदूभोवती मांडले की ३६० अंश बरोबर भरतात आणि मध्ये फट राहत नाही. प्रत्येक सळईच्या कोनात केवळ एक अंशाची चूक झाली, तर सहा सळयांनंतर सहा अंशांची फट उघडी पडते किंवा सहावी सळई बसतच नाही. शिवाय चूक एका तारकेपुरती राहत नाही. जुडीतून निघणाऱ्या प्रत्येक कापात ती जशीच्या तशी उतरते. पुण्यातल्या कोणत्याही गृहिणीला ठिपक्यांची रांगोळी काढताना हा नियम हाताने ठाऊक असतो : एक ठिपका सरकला तर शेवटची पाकळी जुळत नाही. रांगोळीत ती चूक बोटाने पुसता येते. सादेलीत मात्र चुकलेली जुडी टाकून द्यावी लागते, आणि तिच्याबरोबर हस्तिदंतही वाया जाते.

द्रव्यांची निवडही केवळ रंगासाठी केलेली नाही. जुडीवर करवत चालते तेव्हा ती एकाच ओढीत दात, लाकूड आणि धातू यांतून जाते. धातू कठीण असता तर करवत तेथे अडकली असती आणि शेजारच्या लाकडाचे तुकडे उडाले असते. म्हणून मऊ धातूच हवा. चंदन कापायला एकसंध आणि बारीक पोताचे असते. काळे लाकूड कडेला तुटत नाही. हस्तिदंताला रेषा असतात, पण लाकडासारखा फाटा नसतो. याचा अर्थ असा की, ज्या द्रव्यांना एकच करवत सारख्याच सफाईने कापू शकते अशी द्रव्ये येथे एकत्र आलेली आहेत. हिरव्या रंगाची कथाही अशीच आहे. हस्तिदंताला हिरवा रंग देण्याची जुनी सर्वपरिचित रीत तांब्याच्या क्षारांची. तो रंग आत मुरावा लागतो, कारण काप काढल्यानंतर सळईचा गाभाच बाहेर येणार असतो. पृष्ठभागावर फासलेला रंग येथे निरुपयोगी ठरतो.

पेटीचे मूळ शरीर बहुधा चंदनाचे, कधी सागवानाचे किंवा इतर लाकडाचे असते. चंदनाचे झाड फार जाड होत नाही, त्यामुळे त्याच्या रुंद फळ्या मिळणे कठीण. अरुंद फळ्या जोडून केलेल्या पेटीवर सांधे दिसणारच. सादेलीच्या पट्ट्या आणि हस्तिदंताच्या बारीक किनारी नेमक्या कडांवर आणि सांध्यांवर येतात, हे पाहिल्यावर अलंकरण आणि बांधणी यांचे नाते ध्यानात येते. ज्याला आपण सजावट म्हणतो ती पुष्कळदा सांध्यावरची पट्टी असते.

शिराझ, सुरत, मुंबई

ही कला कोठून आली याविषयी सर्वाधिक उद्धृत केले जाणारे कथन जॉर्ज बर्डवुड यांचे आहे. बर्डवुड यांचा जन्म १८३२ साली बेळगावला झाला. ते मुंबईत वैद्यकीय सेवेत होते आणि मुंबईच्या ज्या मध्यवर्ती संग्रहालयातून आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय उभे राहिले त्याचे ते अभिरक्षकही होते. त्यांच्या ‘द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ (१८८०) या ग्रंथात ही कला इराणमधील शिराझहून सिंधमार्गे सुरतेस व तेथून मुंबईस आल्याचे सांगितले आहे. इराणमध्ये आजही ‘खातम’ या नावाने नांदत असलेली कला याच तत्त्वावर चालते : त्रिकोणी सळया, जुडी, आडवे काप. त्यामुळे हे नाते मान्य करण्यास अडचण नाही. सुरतेत या व्यवसायात पारशी कारागीर ठळकपणे होते. ‘पेटीगरा’ हे पारशी आडनाव त्याची साक्ष देते. त्याचा अर्थच पेटी करणारा असा आहे. आडनावात टिकलेला व्यवसाय दप्तरात टिकलेल्या नोंदीइतकाच विश्वसनीय असतो, असे भाषेच्या अभ्यासकांना सांगण्याची गरज नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबई हे या कामाचे मोठे केंद्र बनले. कारणे व्यापारी होती. पूर्व आफ्रिकेतून येणाऱ्या हस्तिदंताचे मुंबई हे मोठे बंदर होते. चंदन कानडा-म्हैसूरकडून येत होते. आणि गिऱ्हाईक, म्हणजे कंपनीचे अधिकारी व त्यांची कुटुंबे, मुंबईतच होते. इंग्लंडमध्ये या पेट्यांना ‘बॉम्बे बॉक्स’ हे नाव पडले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मुंबईचे हे काम मांडले गेले आणि त्यानंतरच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांतही ते जात राहिले.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. इंग्लंडमधील केंट परगण्यातील टनब्रिज वेल्स या आरोग्यस्थानी साधारण १८३० पासून अशाच प्रकारच्या पेट्या होऊ लागल्या. तंत्र तेच : लाकडाच्या काड्यांची जुडी आणि आडवे काप. तेथे हस्तिदंत किंवा धातू नव्हता. निरनिराळ्या झाडांच्या लाकडांचे नैसर्गिक रंग वापरले जात. हिरव्या रंगासाठी तर एका बुरशीने हिरवे पडलेले ओकचे लाकूड शोधून आणत. मुंबईचा कारागीर हिरवा रंग मुरवत होता, टनब्रिजचा कारागीर तो जंगलात शोधत होता. दोघांच्याही पेट्या बहुधा एकाच प्रकारच्या स्त्रीच्या हाती जात होत्या.

अमीन जाफर यांनी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासाठी लिहिलेल्या ‘फर्निचर फ्रॉम ब्रिटिश इंडिया अँड सिलोन’ (२००१) आणि ‘लक्झरी गुड्स फ्रॉम इंडिया’ (२००२) या ग्रंथांमुळे या वस्तूंच्या अभ्यासाला शिस्त आली. विशाखापट्टणच्या पेट्या, ज्यांत हस्तिदंताचे सलग पत्रे लाकडावर बसवून त्यांवर कोरलेल्या रेषांत काळी लाख भरलेली असते, आणि मुंबईच्या सादेली पेट्या यांतील फरक आता सामान्य वाचकालाही सांगता येतो. विशाखापट्टणच्या पेटीला ‘हस्तिदंती’ म्हणणे योग्य आहे; तेथे हस्तिदंत हाच चित्रफलक आहे. मुंबईच्या पेटीत ते अनेक रंगांपैकी एक रंग आहे. कानडातील गुडिगारांच्या चंदनी कोरीवकामाशीही सादेलीची सांगड पुढे घातली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पेट्यांवर वेली, प्राणी किंवा देवदेवतांचे खोल कोरलेले चंदनी फलक मधोमध आणि सादेलीच्या पट्ट्या केवळ किनारीला असे रूप दिसते. या पेट्या डोळ्यांत भरतात. परंतु सादेलीच्या दृष्टीने पाहता, सुरुवातीच्या काळातील संयत, जवळजवळ रिकाम्या पृष्ठभागाच्या पेट्या अधिक सरस आहेत. त्यांत चूक लपवायला जागाच नव्हती.

पेटीचे अंतरंग

शिवणपेटीचा अभ्यास बाहेरून सुरू होतो, पण तिचा काळ ठरतो आतून. वरच्या थरात उचलून काढता येणारे कप्प्यांचे तबक असते. मध्ये एक-दोन मोठे कप्पे, भोवती लहान कप्पे, आणि त्यांत अंगुस्तान, सुयांची डबी, टाचण्यांची गादी, मोजपट्टी, नाडी ओवण्याची सळई आणि दोरा घासून कडक करण्यासाठी मेण. तबकाखाली कापड ठेवण्याची मोकळी जागा. झाकणाच्या आतील बाजूस आरसा, किंवा रेशमी अस्तराचा खिसा. त्यात पत्रे ठेवली जात.

दोरा ठेवण्याची सोय ही काळाची सर्वांत भरवशाची खूण होय. कापसाचा दोरा लाकडी रिळांवर गुंडाळून विकण्याची पद्धत १८२० च्या दशकापासून रूढ होत गेली. त्यापूर्वी दोरा लडीने येई आणि घरी चपट्या पट्टीवर किंवा लहानशा पिंपात गुंडाळला जाई. म्हणून ज्या पेटीत हस्तिदंताची किंवा लाकडाची, वर छिद्र असलेली लहान पिंपे आहेत ती बहुधा आधीची. आणि ज्या पेटीत रिळे उभी करण्यासाठी खुंट्या आहेत ती नंतरची. मोजपट्टीही बोलते. जुन्या इंग्रजी मोजपट्ट्यांवर इंचांऐवजी ‘नेल’ या मापाच्या खुणा असत. एक नेल म्हणजे सव्वादोन इंच, वाराचा सोळावा भाग. अशी पट्टी पेटीत सापडली तर तिचे मूल्य पेटीहून कमी नाही. अर्थात हे सर्व पुरावे पेटीबरोबर टिकले असतील तरच उपयोगाचे. बहुतेक वेळा आतले साहित्य आधी जाते.

मराठी वाचकाला या अंतर्रचनेत एक ओळखीची वस्तू दिसल्याशिवाय राहणार नाही. आपल्याकडील फणी-करंड्याची पेटी अशीच असते : झाकणात आरसा, तबकात कप्पे, कुंकवाचा करंडा, फणी, आणि कुंकू टिकावे म्हणून लावावयाच्या मेणाची डबी. एका पेटीत मेण दोऱ्यासाठी, दुसरीत कपाळासाठी. एका पेटीसमोर बसलेली स्त्री काही शिवते, दुसरीसमोर बसलेली स्त्री स्वतः सजते, एवढा फरक सोडला तर दोन्ही पेट्या एकाच गरजेतून आलेल्या आहेत. संयुक्त घरात जिच्या नावावर खोलीही नाही अशा स्त्रीची, किल्लीने बंद होणारी, एवढीच खासगी जागा. इंग्रजी शिवणपेटीलाही कुलूप असे. आणि त्या कुलपाचा संबंध सुयांशी कमी आणि झाकणातल्या पत्रांशी अधिक असावा.

पुण्याचा संदर्भ

मुंबईत होणाऱ्या या पेटीचा पुण्याशी संबंध दोन वाटांनी येतो. पहिली वाट छावणीची. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यास मुक्कामाला येई. गणेशखिंडीतील गव्हर्नरचे निवासस्थान, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, १८७१ मध्ये पूर्ण झाले. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाल्यावर ही ये-जा आणखी सोपी झाली. पावसाळ्याचे तीन-चार महिने घरात बसून काढणाऱ्या गोऱ्या स्त्रियांच्या सामानात शिवणपेटी असणे स्वाभाविक होते. छावणीतील पारशी कुटुंबांकडेही या पेट्या असणे तितकेच स्वाभाविक. त्यांच्यासाठी ती परक्याची फॅशन नव्हती, समाजातील कारागिराचे काम होते.

दुसरी वाट उद्योगविचाराची. १८९० च्या सुमारास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात औद्योगिक परिषद भरली. त्याच वर्षी लॉर्ड रे यांच्या नावाने येथे औद्योगिक संग्रहालय स्थापन झाले; आज ते महात्मा फुले वस्तुसंग्रहालय म्हणून परिचित आहे. देशी कारागिरीचे नमुने एका जागी ठेवावेत, ते पाहून नवे उद्योग निघावेत, हा त्यामागील हेतू होता. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये शहरातील उद्योगांत तांब्या-पितळेची भांडी, रेशीम, जर आणि काचेच्या बांगड्या यांच्याबरोबर हस्तिदंती फण्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे हस्तिदंत कापणारी करवत पुण्यात चालत होती, पण तिच्यातून फणी निघत होती, सादेलीचा काप निघत नव्हता. फणीला स्थानिक गिऱ्हाईक होते, शिवणपेटीला नव्हते.

ते का नव्हते, हा प्रश्न स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाशी जोडलेला आहे. मराठी घरात सुई होतीच. गोधडी, वाकळ, कुंची, दुपटे, झबले हे सर्व घरीच होई. परंतु सुईदोरा बटव्यात, जुन्या डबीत किंवा सरळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खोवलेला असे. त्यासाठी स्वतंत्र पेटी करावी असा तो विषय नव्हता. शिवण हा ‘विषय’ बनला तो मिशनच्या मुलींच्या शाळांतून, आणि पुढे उपजीविकेचे साधन म्हणून सुधारकांच्या संस्थांतून. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यास आले. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदनाचे काम सुरू केले, आणि तेथे शिवण, भरतकाम यांचे वर्ग प्रौढ व विधवा स्त्रियांसाठी महत्त्वाचे ठरले. या वर्गांतील स्त्रीच्या हाती सादेलीची पेटी असण्याचा संभव नव्हता. तिच्यासाठी सुई हा फावला वेळ घालवण्याचा विरंगुळा नव्हता. त्यावर तिचे पोट होते. काही दशकांत तिच्यापुढे यंत्रही आले आणि सुया-रिळे यंत्राच्या खणात गेली. उरलेसुरले बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. हा डबा आजही पुण्याच्या घराघरांत शिवणपेटीचे काम करतो आहे, आणि तो उघडणाऱ्या प्रत्येक मुलाची बिस्किटाच्या बाबतीत निराशा करतो आहे.

त्यामुळे मराठी घरात आलेली सादेली पेटी बहुधा शिवणपेटी म्हणून वापरली गेली नाही. वारसाने, भेटीने किंवा लिलावातून ती आली की तिच्यात दागिने, कागद, नाणी, देवाचे किडुकमिडुक गेले. कप्प्यांची झाकणे हरवली, रिळांच्या खुंट्या अडचण होते म्हणून काढल्या गेल्या. वापर बदलला की वस्तूचे मूळ पुसले जाते, याचे हे साधे उदाहरण होय. दिनकर गंगाधर केळकर यांनी सुमारे १९२० पासून अडकित्ते, दिवे, करंडे, पेट्या अशा घरगुती वस्तू गोळा करण्यास प्रारंभ केला. राजा दिनकर केळकर संग्रहालय त्यातून उभे राहिले. घरातील वस्तू इतिहासाचे साधन आहे ही गोष्ट पुण्याला त्यांनी पटवून दिली. मात्र संग्रहालयात न गेलेल्या वस्तूंची नोंद हे काम अजून बहुतांश व्हावयाचे आहे.

हस्तिदंत आणि कायदा

येथे ‘हस्तिदंती’ या नावाचा खरा परिणाम दिसू लागतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात १९८६ साली झालेल्या दुरुस्तीने भारतीय हत्तीच्या दंताचा देशांतर्गत व्यापार बंद झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंतालाही तीच बंदी लागू झाली. या कायद्याचे प्रयोजन निःसंशय योग्य आहे; हत्ती टिकावयाचे असतील तर हस्तिदंताला बाजारभाव असता कामा नये. कायद्यानुसार अशा वस्तूचा वैध ताबा मालकी प्रमाणपत्राने सिद्ध होतो. ती वारसाने पुढच्या पिढीकडे जाऊ शकते, परंतु विकता येत नाही. याशिवाय पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुराणवस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

सादेली पेटीवर दोन्ही कायदे लागू होतात. सामान्य कुटुंबाला यांतील बारकावे माहीत नसतात. ‘हस्तिदंत बेकायदा आहे’ एवढेच ऐकलेले असते. मग पेटी असल्याचे बोलायचे नाही, दाखवायची नाही, कोणाकडून तपासून घ्यायची नाही, हा मार्ग सोपा वाटतो. ज्या पेटीवर हस्तिदंताचे वजन कदाचित चमचाभर असेल, ती सबंध पेटी त्या चमचाभर द्रव्याच्या धास्तीने अंधारात जाते. इंग्लंडमध्ये २०२२ पासून अमलात आलेल्या २०१८ च्या आयव्हरी अॅक्टने व्यापारावर कडक बंदी घालतानाच, १९४७ पूर्वीच्या आणि आकारमानाने दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूंना नोंदणीच्या अटीवर सूट दिली आहे. पुष्कळशा सादेली पेट्या त्या मर्यादेत बसतात. भारतात विक्रीला अशी सूट द्यावी असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. आपल्याकडे हत्ती आहेत, इंग्लंडमध्ये नाहीत, हा फरक लहान नव्हे. पण वस्तूतील द्रव्याचे प्रमाण आणि वस्तूतील कामाचे प्रमाण यांचा वेगळा विचार करता येतो, एवढे त्या तरतुदीवरून दिसते. अभ्यासासाठी पेटीची नोंद घेणे, छायाचित्रे काढणे, मापे टिपणे याला कोणताही कायदा आड येत नाही.

जतन आणि नोंद

कायद्याहून मोठा शत्रू हवामान आहे. हस्तिदंत आणि लाकूड दोन्ही आर्द्रता शोषून फुगतात व कोरड्या हवेत आकसतात, तेही सर्व दिशांनी सारखे नाही. धातू आर्द्रतेने हलत नाही. एका तारकेत हे तिघे शेजारी बसलेले असतात. पुण्याचा एप्रिल आणि पुण्याचा जुलै यांतील फरक दीडशे वर्षे सोसल्यावर एखादी सळई उचलली जाते, तिच्याखाली धूळ शिरते आणि मग ती परत बसत नाही. लोखंडी कपाटात किंवा खिडकीशेजारी ठेवलेली पेटी आतल्या भिंतीजवळ ठेवलेल्या पेटीपेक्षा लवकर बिघडते. ओल्या फडक्याने पुसणे सर्वांत घातक. मूळ सरस प्राणिजन्य असल्याने तो पाण्याने मऊ होतो, आणि स्वच्छतेच्या हौसेत अख्खी पट्टी सुटून येऊ शकते.

मात्र सरसाचा हा कमकुवतपणाच जतनाच्या दृष्टीने त्याचा गुण आहे. सरसाने चिकटवलेला तुकडा योग्य हाताने ऊब आणि किंचित ओलावा देऊन सोडवता येतो आणि पुन्हा बसवता येतो. बाजारातल्या पांढऱ्या गोंदाने किंवा झटपट चिकटणाऱ्या रासायनिक द्रव्याने बसवलेला तुकडा पुढे कोणालाही सुरक्षितपणे सोडवता येत नाही. शिवाय तो शेजारच्या सळयांना हलू देत नाही, आणि मग त्या तुटतात. हौशी दुरुस्तीने पेट्यांचे जेवढे नुकसान होते तेवढे निष्काळजीपणाने होत नसावे. सुटलेला तुकडा घरी चिकटवण्यापेक्षा न चिकटवता जपून ठेवणे शहाणपणाचे.

महाविद्यालयीन स्तरावर या विषयात करण्यासारखे काम फार खर्चाचे नाही. इतिहास, गृहविज्ञान आणि गणित या तीन विभागांनी एकत्र येऊन एका पेटीची नोंद केली तरी विद्यार्थ्यांना पुष्कळ शिकता येईल. तारकेची रचना काढणे आणि तिच्यात किती सळया, कोणत्या छेदाच्या, हे मोजणे; एकाच जुडीतून निघालेले काप पेटीवर कोठे-कोठे आहेत हे त्यांतील समान चुकीवरून ओळखणे, कारण एका जुडीची चूक तिच्या सर्व कापांत सारखी असते; कप्प्यांची मूळ मांडणी रिकाम्या खाचांवरून ताडणे. कप्पे उचलून त्यांच्या खालच्या बाजूस पाहणेही विसरू नये. जुळणी करताना कारागीर तेथे खुणा करतो. त्या खुणा गुजराती अंकांत आहेत, इंग्रजी अंकांत की नुसत्या रेघा, यावरून पेटी कोणाच्या कर्मशाळेत जुळली याचा काही अंदाज येऊ शकतो. कारागिराचे नाव सहसा कोठेच नसते, तेव्हा एवढी खूणही मोलाची. हे सर्व करताना तळाशी साचलेली धूळ लगेच झटकू नये. तीत सुटलेल्या तारकेचा हिरवा किंवा काळा तुकडा सापडण्याचा संभव असतो. तो लहान कागदी पाकिटात घालावा, पेटीवर कोणत्या जागेखाली सापडला ते त्यावर लिहावे, आणि ते पाकीट झाकणाच्या आतल्या रेशमी खिशात, जेथे पूर्वी पत्रे असत, तेथेच ठेवून द्यावे.